मराठी माध्यमातून एसएसएलसी झाल्यावर पीयूसीला इतिहास घेताना: सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

कर्नाटकातील खानापूर तालुक्यात एका खेड्यात मराठी माध्यमातून माझी एसएसएलसी, म्हणजे दहावी, झाली आणि त्यानंतर बेळगावात पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, मी आर्ट्स शाखेत इतिहास घेतला. पहिले दोन महिने माझी अशी पक्की समजूत झाली होती की विषय निवडण्यात आपली चूक झाली. वर्गात सांगितलेले अर्धेच कळायचे, वहीत उतरवलेले घरी येऊन वाचले तर लागायचे नाही, आणि शाळेत ज्या विषयात मला सर्वांत जास्त गुण पडत त्याच विषयाच्या पहिल्या चाचणीत मी जेमतेम काठावर आले. पुढे लक्षात आले की अडचण इतिहासाची नव्हतीच. अडचण भाषेची होती, आणि त्यावर करता येण्याजोगे उपाय होते. ते सांगायला कोणी नव्हते, इतकेच. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या भागांतून दर वर्षी अनेक मुलेमुली याच वाटेने जातात. त्यांचे हे दोन महिने वाचावेत म्हणून मी पुढील टप्पे क्रमाने लिहीत आहे.

१. विषय आपला आहे का, हे आधी तपासा

आमच्याकडे नव्वद टक्के पडले की सायन्स, सत्तर पडले की कॉमर्स आणि त्याखाली आर्ट्स अशी वाटणी घरातच होऊन जाते. या वाटणीवर विसंबून इतिहास घेऊ नका आणि ती आडवी येते म्हणून सोडूही नका. एक साधी परीक्षा करा. दहावीच्या समाज विज्ञानाच्या पुस्तकातील १८५७ च्या उठावाचा धडा पुन्हा वाचा, पुस्तक मिटा आणि उठाव का झाला व का फसला हे स्वतःच्या मराठीत पंधरा ओळींत लिहा. सनावळी चुकली तरी चालेल. कारणांची साखळी जुळवताना तुम्हाला उत्सुकता वाटली, पुस्तकात नसलेला एखादा प्रश्न मनात आला, तर हा विषय तुमचा आहे असे समजा. केवळ पाठांतर चांगले आहे म्हणून इतिहास घेणाऱ्यांची दुसऱ्या वर्षी दमछाक होते.

२. काँबिनेशन आणि भाषा ठरवा

कर्नाटकात पीयूसीला दोन भाषा आणि चार ऐच्छिक विषय असतात. प्रत्येकी १०० प्रमाणे एकूण ६०० गुण होतात. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र हे आर्ट्सचे सर्वांत रुळलेले काँबिनेशन असून त्याला एचईपीएस म्हणतात. फारसे कोणी सांगत नाही अशी गोष्ट म्हणजे कॉमर्समध्येही एचईबीए नावाचे काँबिनेशन आहे, ज्यात इतिहास, अर्थशास्त्र, व्यवसाय अध्ययन आणि लेखाशास्त्र असते. घरचा आग्रह कॉमर्सचा आणि तुमचा ओढा इतिहासाचा असेल तर या मधल्या वाटेचा विचार अवश्य करा. मात्र माहितीपत्रकात छापलेले प्रत्येक काँबिनेशन प्रत्यक्षात चालतेच असे नाही. विद्यार्थी कमी भरले की ते बंद ठेवून मुलांना दुसरीकडे वळवले जाते, म्हणून अर्ज देण्यापूर्वी गेल्या वर्षी त्या वर्गात किती मुले होती हे कार्यालयात विचारा.

भाषांचेही तसेच आहे. पीयूसीच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, परंतु तुमच्या कॉलेजात मराठीचे लेक्चरर आहेत का, हा खरा प्रश्न आहे. प्रवेश झाल्यावर 'मराठीचा वर्ग यंदा नाही' असे कळले तर हाती फार काही उरत नाही. ज्यांना मराठी घेता येते त्यांनी ती जरूर घ्यावी. इतर पाच विषय परक्या भाषेत लिहिताना एका विषयात तरी मन मोकळे होते, आणि एकूण गुणांनाही त्याचा आधार मिळतो.

काही जण महाराष्ट्रात, म्हणजे चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरकडे अकरावीला जातात. तिथे इतिहास मराठीतून शिकता येतो, हा मोठा लाभ आहे. परंतु २०२५ पासून महाराष्ट्रात अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, त्यामुळे ऐन वेळी जाऊन ओळखीने प्रवेश होईल अशा भरवशावर राहू नका. कर्नाटकातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या सरकारी जागांसाठी राज्यात सात वर्षे शिकल्याचा दाखला मागितला जातो, तेव्हा सीमा ओलांडण्यापूर्वी पुढचा बेतही डोळ्यांसमोर ठेवावा. मुलींसाठी रोजच्या प्रवासाचा मुद्दाही लहान नाही, कारण कर्नाटकच्या सरकारी बसमधील शक्ती योजनेचा मोफत प्रवास राज्याच्या हद्दीपुरताच आहे.

३. माध्यम: कन्नड की इंग्रजी

बहुतेक ठिकाणी इतिहास कन्नड किंवा इंग्रजी माध्यमातून शिकवला जातो. मराठी शाळेतून आलेली बरीच मुले विचार न करता इंग्रजी घेतात. माझे मत थोडे वेगळे आहे. ज्या गावात रोजचा व्यवहार कन्नडमधून चालतो आणि ज्यांना कन्नड वर्तमानपत्र अडखळत का होईना वाचता येते, त्यांना कन्नड माध्यम अधिक सोपे जाते, कारण दोन्ही भाषांची वाक्यरचना जवळची आहे आणि इतिहासातील निम्मे शब्द संस्कृतमधूनच आलेले आहेत. ज्यांचे कन्नड बोलण्यापुरतेच आहे आणि लिहिताना जोडाक्षरांशी झगडावे लागते, त्यांनी इंग्रजी घ्यावे. मी इंग्रजी घेतले. वर्ग इंग्रजी माध्यमाचा असला तरी समजावून सांगणे बरेचसे कन्नडमधूनच होत असे, हे मात्र मला आधी ठाऊक नव्हते. त्यामुळे माध्यम कोणतेही घ्या, कान कन्नडचा तयार ठेवावाच लागतो.

४. कागदपत्रे आधीच जमवा

एसएसएलसीचा निकाल साधारण मे महिन्यात लागतो आणि जूनच्या आरंभी वर्ग सुरू होतात. मधला काळ इतका अपुरा असतो की दाखल्यांसाठी धावपळ करण्यात चांगल्या कॉलेजातील जागा हातची जाते. निकालापूर्वीच पुढील कागद एका फाइलमध्ये लावून ठेवा:

– एसएसएलसी मार्क्सकार्ड (निकालानंतर आधी ऑनलाइन प्रत, मग मूळ) आणि तीन-चार झेरॉक्स प्रती
– शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी, आणि त्यावरील एसएटीएस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतील विद्यार्थ्याचा क्रमांक
– आधार कार्ड, विद्यार्थ्याचे आणि पालकांचे
– नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातून, काढलेले जात व उत्पन्न प्रमाणपत्र. त्यावरील आरडी क्रमांक, म्हणजे प्रमाणपत्राचा क्रमांक, वेगळा लिहून ठेवा
– पहिलीपासून दहावीपर्यंतचे स्टडी सर्टिफिकेट
– आधारशी जोडलेले बँक पासबुक, कारण राज्य शिष्यवृत्तीच्या एसएसपी पोर्टलवरील अर्ज त्याशिवाय पुढे सरकत नाही
– पासपोर्ट आकाराची छायाचित्रे
– दुसऱ्या राज्यातून किंवा दुसऱ्या बोर्डातून येत असाल, अथवा तिकडे जात असाल, तर मायग्रेशन सर्टिफिकेट

इथे सर्वांत जास्त अडकते ते नाव. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. एका कागदावर तो तसाच येतो, दुसऱ्यावर आडनाव आधी येते, तर तिसऱ्यावर वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर असते. माझ्या आधारवर आणि मार्क्सकार्डवर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक होता आणि तेवढ्यासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज दोन वेळा परत आला. सर्व कागद शेजारी ठेवून एकदा अक्षर अक्षर जुळवून पाहा. दुरुस्ती करायचीच असेल तर ती आधारमध्ये करणे मार्क्सकार्डात करण्यापेक्षा सोपे असते.

५. जून ते ऑगस्ट: शब्दांची वही

या संपूर्ण लेखातील एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. दोनशे पानी वही घ्या, प्रत्येक पानावर तीन रकाने आखा आणि त्यांत मराठी, इंग्रजी व कन्नड शब्द एकासमोर एक लिहीत जा.

याची गरज मला पहिल्याच आठवड्यात कळली. सरांनी फळ्यावर कन्नडमध्ये 'हल्मिडी शासन' असे लिहिले आणि मी समजले की हल्मिडी नावाच्या कोणत्या तरी राजवटीविषयी ते बोलत आहेत. मराठीत शासन म्हणजे सरकार; कन्नडमध्ये इतिहासाच्या तासाला शासन म्हणजे शिलालेख किंवा ताम्रपट. सर कन्नडमधील अगदी जुन्या शिलालेखांपैकी एकाविषयी सांगत होते आणि माझ्या वहीत भलतेच काही उतरत होते. जे शब्द अगदी परके आहेत ते आपण निदान विचारतो. धोका असतो तो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचा. 'दंगे' हा कन्नड शब्द उठाव या अर्थाने येतो, आपल्याकडील दंगलीच्या अर्थाने नव्हे, म्हणून 'सिपायी दंगे' म्हणजे शिपायांचे बंड. 'आधारगळु' म्हणजे इतिहासाची साधने. 'कंदाय' म्हणजे शेतसारा. 'सहायक सैन्य पद्धती' म्हणजे आपली तैनाती फौज, आणि इंग्रजीत सबसिडिअरी अलायन्स. डलहौसीच्या ज्या धोरणाने दत्तक वारस नामंजूर करून संस्थाने खालसा झाली त्याला इंग्रजीत डॉक्ट्रिन ऑफ लॅप्स आणि कन्नडमध्ये 'दत्तु मक्कळिगे हक्किल्ल' म्हणतात, म्हणजे दत्तक मुलांना हक्क नाही. एकदा तिन्ही शब्द शेजारी आले की धडा आपोआप उलगडतो.

राजांच्या नावांसाठी वेगळे पान ठेवा. 'इम्मडी पुलिकेशी' हा कोणी निराळा राजा नसून तो आपण शिकलेला दुसरा पुलकेशी आहे, ज्याचा पराक्रम रवीकीर्तीने इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात कोरून ठेवला. इम्मडी म्हणजे दुसरा, मुम्मडी म्हणजे तिसरा आणि नाल्वडी म्हणजे चौथा. म्हणून म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडेयर आणि नाल्वडी कृष्णराज वडेयर या दोन व्यक्ती आहेत आणि त्यांची गल्लत झाली तर पन्नासाहून अधिक वर्षांचा घोळ होतो.

प्रश्नपत्रिकेतील क्रियापदेही याच वहीत लिहा: 'विवरिसी' म्हणजे स्पष्ट करा, 'चर्चिसी' म्हणजे चर्चा करा, 'कालानुक्रम' म्हणजे घटनांचा क्रम. दिवसाला दहा शब्द केले तरी गणपतीपर्यंत वही अर्धी भरते, आणि त्यानंतर वर्गात जे ऐकू येते ते कळूही लागते.

६. दोन वर्षांत काय येते आणि वेळ कुठे द्यावा

पहिल्या वर्षी जगाचा इतिहास असतो: प्राचीन संस्कृती, ग्रीस आणि रोम, प्रबोधन, क्रांत्या, महायुद्धे. दुसऱ्या वर्षी भारताचा इतिहास असतो आणि त्यात कर्नाटकावर विशेष भर असतो. महाराष्ट्राच्या अकरावी-बारावीत क्रम जवळजवळ उलटा आहे. तिथे अकरावीला प्राचीन व मध्ययुगीन भारत आणि बारावीला आधुनिक जग व आधुनिक भारत येतो. बालभारतीची ही मराठी पुस्तके इंटरनेटवर विनामूल्य मिळतात आणि समजून घेण्यासाठी ती उत्तम आहेत, पण त्यांतील धडा आपल्या धड्याशी जुळवून मगच वाचा. परीक्षेत मुद्दे आणि संज्ञा मात्र पीयू खात्याच्या पुस्तकातल्याच लिहाव्यात.

त्याहूनही मोलाची पुस्तके तुमच्या घरातच आहेत. आठवी, नववी आणि दहावीची कर्नाटकाची समाज विज्ञानाची मराठी पुस्तके निकालानंतर रद्दीत जातात किंवा शेजारच्या मुलाला दिली जातात. ती देऊ नका. सातवाहन, कदंब, बदामीचे चालुक्य, राष्ट्रकूट, होयसळ, विजयनगर, बहमनी, बसवेश्वर, म्हैसूरचे वडेयर हे सर्व त्यांत मराठीत आलेले आहे. पीयूसीचा प्रत्येक धडा सुरू होण्यापूर्वी त्यातील संबंधित भाग वीस मिनिटे वाचला तर वर्गात तो विषय नव्याने भेटत नाही.

जास्त वेळ म्हैसूरच्या आधुनिकीकरणाला द्या. मराठ्यांचा किंवा स्वातंत्र्यलढ्याचा धडा आपल्याला थोडासा वाचूनही लिहिता येतो; परंतु १८३१ ते १८८१ चा ब्रिटिश कमिशनरांचा कारभार, मार्क कब्बन, नंतरचे दिवाण रंगाचार्लु, शेषाद्री अय्यर, विश्वेश्वरय्या आणि मिर्झा इस्माईल यांची कामे आपल्या घरच्या बोलण्यात कधी येत नाहीत. माझ्या वर्गातील कन्नड मैत्रिणींना ती नावे आजोबांच्या तोंडून ऐकून माहीत होती. मला ती तक्ता करून भिंतीवर लावावी लागली.

७. एकीकरणाचा धडा आपण कसा लिहावा

अभ्यासक्रमात कर्नाटकाच्या एकीकरणावर, म्हणजे कन्नड भाषक प्रदेश एका राज्यात कसे आले यावर, धडा आहे आणि सीमाभागातील मराठी विद्यार्थ्याला तो सर्वांत जड जातो. आपल्या घरात १ नोव्हेंबर १९५६ ची, म्हणजे बेळगाव त्या राज्यात गेले त्या दिवसाची, आठवण एका प्रकारे सांगितली जाते आणि पुस्तकात तोच दिवस दुसऱ्या प्रकारे येतो. पहिल्यांदा या धड्यावर चाचणी झाली तेव्हा मी दीड पान अत्यंत कळवळून लिहिले. दहापैकी दोन गुण मिळाले. लेक्चररनी मला बोलावून शांतपणे विचारले, "प्रश्न काय होता, वाचून दाखव." प्रश्न एकीकरणाचे टप्पे विचारणारा होता आणि माझ्या दीड पानात एकही टप्पा नव्हता.

त्या दिवसापासून मी दोन पाने वेगळी केली. एका पानावर पुस्तकातील टप्पे, संस्था, परिषदा आणि सन. परीक्षेत तेच लिहायचे. दुसऱ्या पानावर सीमाप्रश्नाचा माझा स्वतःचा अभ्यास: १९५६ पूर्वी बेळगाव मुंबई राज्यात होते, राज्य पुनर्रचना १९५६ मध्ये झाली, या सीमावादासाठी महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला, त्याचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. प्रत्येक नोंदीपुढे ही माहिती मला कुठून मिळाली हे लिहिण्याची सवय मी लावून घेतली, आणि घरी ऐकलेले व कागदावर सापडलेले यांत जिथे फरक पडला तिथे खूण केली. वडीलधाऱ्यांनी सोसलेले खोटे नाही आणि पुस्तकातील टप्पेही खोटे नाहीत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन्ही माहीत असावेत, आणि कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर द्यायचे हेही कळावे. वर्गात यावरून वाद घालू नका. तुमच्या शेजारी बसलेल्या कन्नड मुलीच्या घरी तिची आठवण असते. ती ऐकून घ्या, त्यातून पुष्कळ कळते.

८. वीस गुणांचा प्रकल्प आपल्याच तालुक्यावर करा

लेखी परीक्षा ८० गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे असते. बहुतेक मुले प्रकल्प म्हणून दुकानात मिळणारी चित्रे चिकटवून इंटरनेटवरचा मजकूर उतरवतात. आपल्या भागात राहून असे करणे ही संधी वाया घालवणे आहे. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती हे जैन मंदिर आहे, जी रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात त्याचा मंत्री बीचिराज याने १२०४ च्या सुमारास बांधली. खानापूर तालुक्यातील हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला नंदगडला १८३१ मध्ये फाशी दिले गेले. कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या सैन्याशी लढताना इंग्रज कलेक्टर थॅकरे २३ ऑक्टोबर १८२४ रोजी मारला गेला. बेळगावच्या टिळकवाडीत डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले, आणि गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन होते. यांपैकी काहीच जवळ नसेल तर गावच्या वेशीपाशी किंवा जुन्या देवळामागे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारक दगड, असतोच.

मी प्रकल्पासाठी आमच्या गावातील वीरगळ घेतला. लोक त्याला शेंदूर लावतात आणि देव म्हणतात. सकाळी तिरप्या उन्हात पाहिल्यावर त्याचे तीन कप्पे स्पष्ट दिसले: खाली लढाई आणि पळवून नेलेल्या गाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगासमोर बसलेला वीर आणि बाजूला चंद्रसूर्य. उंची-रुंदी टेपने मोजली, छायाचित्रे घेतली, त्याच्याविषयी काय ऐकले हे चार म्हाताऱ्या माणसांना विचारले आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घेतली. जोडीला १८८४ चा बेळगाव जिल्ह्याचा जुना मुंबई इलाखा गॅझेटिअर पाहिला, जो इंटरनेटवर वाचता येतो. दगडावर खडू, तेल किंवा पाणी काहीही लावू नका, आणि पूजेची जागा असेल तर आधी विचारून मगच मोजमाप घ्या. कोणता विषय चालेल हे लेक्चररना जुलैमध्येच विचारून ठेवावे, कारण जानेवारीत सर्वांचीच घाई असते.

९. परीक्षेची तयारी

मागील प्रश्नपत्रिका आणि मंडळाच्या नमुना प्रश्नपत्रिका मिळवा व निदान पाच तरी घड्याळ लावून सोडवा. नकाशाचा प्रश्न हा हमखास गुण देणारा असूनही तो आमच्याकडे सर्वांत दुर्लक्षित राहतो. त्यात भारताच्या कोऱ्या नकाशावर ऐतिहासिक स्थळे दाखवून प्रत्येकाविषयी दोन वाक्ये लिहायची असतात. लोथल, पाटलीपुत्र, देवगिरी, बदामी, हंपी, मीरत, दांडी अशी स्थळे रोज एका कोऱ्या नकाशावर न पाहता भरा, आणि प्रत्येकाची दोन वाक्ये तुमच्या माध्यमाच्या भाषेत पाठ ठेवा. घटना कालानुक्रमाने लावण्याच्या प्रश्नासाठी सनावळी वेगळी पाठ करण्यापेक्षा एका लांब पट्टीवर शतके आखून त्यावर राजघराणी भरणे अधिक उपयोगी पडते.

मोठ्या उत्तरात आधी दोन ओळींची प्रस्तावना, मग क्रमांक टाकलेले मुद्दे आणि प्रत्येक मुद्द्याखाली दोन-तीन वाक्ये असा साचा ठेवा. भाषा कच्ची असली तर लांब वाक्ये टाळा. तपासणारा मुद्दे शोधत असतो आणि लहान वाक्यात मुद्दा हरवत नाही. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. सुगीच्या दिवसांत आणि जत्रेच्या आठवड्यात ती पाहता पाहता घसरते.

१०. निकालानंतर

२०२४ पासून पीयूसीला एकाच वर्षात परीक्षा १, परीक्षा २ अशा एकाहून अधिक संधी मिळतात आणि त्यांतील चांगले गुण धरले जातात. त्यामुळे इतिहासात अपेक्षेहून कमी गुण पडले तर परीक्षा २ चा अर्ज लगेच भरा. मुदत अवघ्या काही दिवसांची असते. पुढे बी. ए. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात करता येते, धारवाडला कर्नाटक विद्यापीठ आहे, आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाकडे जायचे असल्यास मायग्रेशनचा अर्ज निकालाच्या आठवड्यातच द्यावा. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, बी. एड., स्पर्धा परीक्षा आणि पुरातत्त्व या वाटाही खुल्या राहतात. ज्यांना संशोधनाची ओढ आहे त्यांनी पीयूसीनंतरच्या सुट्टीतच मोडी लिपी शिकायला घ्यावी. आपल्या भागातील जुन्या घरांत मोडीतली दप्तरे अजून आहेत, आणि मराठी, कन्नड व मोडी अशा तिन्ही गोष्टी वाचू शकणारे फार थोडे उरले आहेत. शब्दांची ती तीन रकान्यांची वही मात्र टाकू नका, कारण बी. ए. च्या पहिल्या सहामाहीत ती पुन्हा रोज उघडावी लागते.